बासरी शिकायला गेलो आणि 13,849 रुपये घालवून बसलो

लाज वाटतेय, तरी लिहितोय. '21 दिवसांत बासरी' या ऑनलाइन क्लासला 3,499 रुपये भरले. बासरी त्यांच्याकडूनच घ्यायची अट, तिचे 2,850. वर 'कोमल स्वरांचा पुढचा कोर्स' म्हणून 7,500. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ग्रुपमधून काढलं, नंबर बंद.

मला दुसऱ्याच दिवशी कळायला हवं होतं. त्यांच्या तक्त्यात सहाही छिद्रं बंद म्हणजे सा. बासरी पांढरी एकची, म्हणजे तिचा सा पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीशी जुळायला हवा; तसं तिच्यावर लिहिलेलंही. घरच्या पेटीवर पांढरी एक धरली, सहाही छिद्रं बंद करून फुंकलं, तर सूर निघाला खालच्या पांढरी पाचचा, म्हणजे सा नव्हे, खालचा प. तीनदा करून पाहिलं. विचारलं तर म्हणे, "काका, पेटी उतरली असेल." आणि मी ऐकलं! पेटी दिवाळीतच सुरात लावून आणलेली होती. आठवलं की अजून अंगाची लाही होते.

आपल्याकडे वरची, म्हणजे तोंडाकडची, तीन बंद म्हणजे सा, सहाही बंद म्हणजे मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प. सा पासून पुढे खालून एकेक उघडत रे, ग. सगळी उघडी म्हणजे तीव्र म, पहिलं अर्धं झाकलं की शुद्ध म. कोमल स्वरही अर्ध्या छिद्रावरच निघतात, त्याला वेगळे 7,500 कसले? त्यांनी आयरिश टिन व्हिसलचा, म्हणजे तिकडच्या पत्र्याच्या बासरीचा, तक्ता उचलून त्यावर सा रे ग म लिहिलं होतं. मी तबला शिकलोय, बासरी नाही. नवशिक्याला हे कुठून कळणार?

मंद्र पंचम फाटायचा, तर "बोटं नीट बसत नाहीत" म्हणून मलाच सुनावलं. शेवटी चौथ्या छिद्रालगतचा लाल दोरा सोडवला. खाली केसाएवढी भेग, मेणाने बुजवलेली. दोरा बासरीला असतोच, पण छिद्राला चिकटून असेल तर खाली काय आहे ते बघा. आणि हातात घेऊन, पेटीशी जुळवून पाहिल्याशिवाय बासरी घेऊच नका.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. "पैसे तुम्हीच पाठवलेत ना, मग फसवणूक कशी?" दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला, "रक्कम किरकोळ आहे." किरकोळ? माझ्या पेन्शनीतले आहेत ते! बँकेत म्हणाले, पिन तुमचाच, आम्ही काय करणार. अर्ज या खिडकीतून त्या खिडकीत, पोच मागितली तर कपाळाला आठ्या. असं काही झालं तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन लावा. मी नऊ दिवसांनी लावला.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. क्लासचं नाव बदललंय, तक्ता तोच. सहाही बंद म्हणजे सा.