टायटॅनियमचा स्क्रू की विरघळणारा मॅग्नेशियमचा?

रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड वाहताना पाय घसरून घोटा मोडलेला मजूर जळगावला शस्त्रक्रियेसाठी येतो, तेव्हा त्याच्या हाडात बहुधा टायटॅनियमचा किंवा स्टीलचा स्क्रू बसतो. टायटॅनियम मजबूत आहे, सहसा गंजत नाही आणि त्यामागे अनेक दशकांचा अनुभव आहे. मात्र त्याची ताठरता सुमारे ११० गिगापास्कल (ताठरता मोजण्याचे एकक), तर कठीण हाडाची साधारण १० ते ३० असल्यामुळे बराचसा भार धातूच पेलतो आणि आजूबाजूचे हाड विरळ होऊ शकते. शिवाय स्क्रू सलू लागला, तर तो काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि हातावर पोट असलेल्या माणसाची मजुरी पुन्हा बुडते.

मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची ताठरता सुमारे ४५ गिगापास्कल आहे आणि तो शरीरात हळूहळू विरघळतो. खरी अडचण या विरघळण्याच्या वेगाची आहे, कारण पाण्याशी अभिक्रिया होताना एका ग्रॅममागे जवळपास एक लिटर हायड्रोजन सुटतो. बेल्जियमचे शल्यविशारद आल्बिन लाम्बोट यांनी १९०७ च्या सुमारास पोलादी खिळ्यांनी बसवलेली मॅग्नेशियमची पट्टी थोड्याच दिवसांत झिजली आणि त्वचेखाली वायू साचला. दोन भिन्न धातू एकत्र आल्याने झीज वाढली होती. आता धातूची शुद्धता वाढवून, त्यात कॅल्शियम, जस्त किंवा दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये मिसळून हा वेग आवरतात. जर्मनीत तयार झालेल्या अशा एका स्क्रूला २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळाली.

माझ्या मते मांडीच्या हाडासाठी अजूनही टायटॅनियमच योग्य आहे. पायाच्या अंगठ्यासारख्या लहान हाडांसाठी मात्र मॅग्नेशियमचा विचार आधी व्हावा.