चार इंची अँगल ग्राइंडर, काही महिने वापरल्यावर

८५० वॅट, ११,००० आरपीएम (मिनिटाला फेरे), १०० मिमीची चकती. गोठ्याचं फाटक, खिडक्यांच्या ग्रिल, पाइपांचे तुकडे, सगळं याच मशीनवर झालं. मशीन दणकट आहे, घ्यायला हरकत नाही. फक्त दुकानात जो तो वॅट विचारतो, आणि माझ्या मते आधी बघायचा आकडा तो नाही.

११,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला सुमारे १,१५२ रेडियन (रेडियन हे कोन मोजायचं एकक), हा झाला कोनीय वेग. त्याला ५ सेंमी त्रिज्येनं गुणलं की चकतीच्या कडेचा वेग मिळतो: सेकंदाला ५८ मीटर, ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. लोखंड कापतो तो हा वेग. चकती झिजून ७० मिमीची झाली की तो ४० मीटरवर येतो. मोटर तीच, तरी काप रेंगाळतो तो यामुळे. तेव्हा जोर लावू नका, चकती बदला.

आता टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ. शक्तीला कोनीय वेगानं भागायचं. सगळी वीज चकतीपर्यंत पोचली असं धरलं तरी जेमतेम ०.७४ न्यूटन-मीटर येतो, म्हणजे हाताला सहज आवरण्यासारखा. मग चकती अडकल्यावर मनगट पिरगाळणारा झटका येतो कुठून? साठलेल्या ऊर्जेतून. ६ मिमी जाडीची घासायची चकती धरा साधारण १०० ग्रॅमची. वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, त्याचं निम्मं, हे तिचं जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याची गती बदलायला ती किती विरोध करते त्याचं माप: ०.०००१२५ किग्रॅ-चौरस मीटर. पूर्ण वेगात तिच्यात ८३ ज्यूल असतात, किलोभर वजन साडेआठ मीटर उचलण्याइतके. ती ०.०५ सेकंदात थांबली तर सरासरी टॉर्क २.९ न्यूटन-मीटर होतो, मघाच्या जवळजवळ चौपट. आतल्या आर्मेचरचं, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाचं जडत्व यात धरलेलंच नाही. म्हणून बाजूचं हँडल अडचण होते म्हणून काढून ठेवू नका. दोन्ही हात हवेत.

सर्वांत कळकळीची गोष्ट गार्डची, म्हणजे चकतीवरच्या संरक्षक झाकणाची. आमच्याकडे गार्ड काढून, वायसर टाकून सात इंची चकती बसवताना मी लोकांना पाहिलंय. १८० मिमीच्या चकतीवर ८० मीटर प्रति सेकंद आणि ८,५०० आरपीएम ही मर्यादा छापलेली असते. या मशीनवर तिची कड १०४ मीटरनं धावते. चकती फाडणारा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे मर्यादेपेक्षा सुमारे ७० टक्के जास्त. कृपा करून हे करू नका. चकतीच्या मधल्या कड्यावरची मुदतीची तारीखही वाचा.

तक्रार एकच, सरकत्या स्विचची. लाइट गेली की तो चालूच राहतो आणि लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं. आमच्या गावात लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे मी आधी प्लग काढतो. पुढचं मशीन दाबून धरायच्या स्विचचंच घेणार.