स्टॉलच्या नावाखाली ४५,६०० रुपये गेले, बचत गटातल्या बायांनी हे वाचाच

माझ्या माहेरच्या बचत गटाला मुंबईतल्या प्रदर्शनाचं आमिष दाखवून ४५,६०० रुपयांना लुटलं. गाव राजापूर तालुक्यातलं. गटातल्या सगळ्या बाया शेतकरी घरच्या; भातशेती सांभाळून उन्हाळ्यात फणसपोळी, आंबापोळी, कोकम-आगळ करतात, पुढे कुळथाचं पीठ. गेलेले पैसे त्यांच्या बचतीचे आणि गटातूनच उचललेल्या कर्जाचे. त्याचं व्याज त्या आजही भरतायत.

गावात रेंजचा भरवसा नाही, म्हणून पाकिटावर ग्राहक संपर्कासाठी माझा मुंबईचा नंबर छापलाय. फसवणाऱ्या माणसाने तो तिथूनच उचलला आणि मला फोन केला. “ताई, तुमची फणसपोळी खाल्ली, असा माल मुंबईत मिळत नाही.” मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर. वर सरकारी बोधचिन्हं, नाव ‘सरस’शी मिळतंजुळतं. खरं महालक्ष्मी सरस, म्हणजे बचत गटांच्या मालाचं सरकारी प्रदर्शन, मुंबईत बीकेसीच्या मैदानावर भरतं हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे हेही तसलंच काहीतरी असं कुणालाही वाटेल. पण तिथली निवड ‘उमेद’ या बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या तालुका आणि जिल्हा कक्षातून होते. परस्पर फोन करून क्यूआर कोड पाठवणारा त्यांचा माणूस नसतो, हे आधी डोक्यात पक्कं करा.

नोंदणीचे २,१०० घेतले. मग स्टॉलचं भाडं २४,०००. मग फूड लायसन्सचे ४,५००. शेवटी परत मिळणारी अनामत म्हणून १५,०००.

ते ४,५०० आठवले की अजून डोकं तापतं. गटाची एफएसएसएआय, म्हणजे खाद्यपदार्थ विकायला लागणारी सरकारी नोंदणी आहे. तिचा १४ अंकी नंबर पाकिटावर माझ्या मोबाइल नंबरच्या वरच्याच ओळीत छापलाय. ज्याने तो मोबाइल नंबर वाचून मला फोन केला, त्याला वरचा नंबर दिसला नसेल? लायसन्स मागितलं तिथेच त्याला धरायला हवं होतं! पण मी विचारलं नाही असं नाही. मी विचारलं. तो म्हणाला, “तो तुमच्या गावच्या जागेचा, इथल्या स्टॉलला वेगळा लागतो.” तात्पुरत्या स्टॉलवाल्यालाही नोंदणी लागते हे नियमात आहेच, म्हणून ते पटलं. खोटं होतं ते रकमेत. छोट्या धंद्याच्या नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, तर फुकट होते, तिचेही कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

क्यूआर स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी एका माणसाचं नाव आलं, तेव्हा वहिनीने फोन करून विचारलंही होतं. “आमच्या खात्याची आजची मर्यादा संपली, हे संचालकांचं खातं आहे,” हे उत्तर त्याच्याकडे तयार होतं. पावतीवर १८ टक्के जीएसटीसुद्धा दाखवला होता. पावतीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की मालकाचं नाव दिसतं. आम्ही नंतर टाकला, तो परराज्यातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो, एवढं तरी बघत जा.

बाया तुतारी एक्स्प्रेसने पहाटे दादरला उतरल्या, खोकी डोक्यावर घेऊन. पोस्टरवरच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. त्याचा फोन बंद.

गावच्या अडाणी बाया म्हणून फसल्या, असं माझ्याच नात्यातले लोक बोलले. या बाया बँकेचं कर्ज वेळेवर फेडतात, गटाचं दप्तर स्वतः लिहितात. ठकवणारा हा धंदा रोज करतो, आणि त्याला पकडायला बसलेले काय करतात ते ऐका.

मैदानाजवळच्या पोलीस ठाण्यात विचारलं, पैसे कुठून पाठवले? गावाहून. मग तिकडे जा. तिकडचे म्हणाले, प्रकार मुंबईत घडला, तिकडेच जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा आहे. झिरो एफआयआर. हे मी सांगितलं तर साहेब म्हणे, “ही दिवाणी बाब आहे, वकील बघा.” बनावट पोस्टर, बनावट पावती, तरी दिवाणी? बँकेने हात झटकले, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले म्हणून. तालुक्याच्या कार्यालयात ऐकवलं, आमचं प्रदर्शन नव्हतं, आमचा संबंध नाही. संबंध नाही, तर तुमचं बोधचिन्ह वापरलं म्हणून तक्रार तरी करा! एकाने लेखी अर्जाची पोच द्यायलाही कुरकुर केली. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते आणि ते खातं कधीच रिकामं झालं होतं. शंका आली की त्याच मिनिटाला १९३० लावा, घरच्यांशी चर्चा मागाहून. मैदानाची परवानगी आहे का, हे वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाने मला उभ्या उभ्या सांगितलं. कुणालाच दिलेली नव्हती. स्टॉलचे पैसे भरण्याआधी मुंबईतल्या नातेवाइकाला तेवढं विचारायला पाठवा.

सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे, तिच्यावर अजून काही हालचाल नाही. आणि तेच पोस्टर मैदानाचं नाव बदलून पुन्हा फिरतंय. मागच्या आठवड्यात लांज्याच्या एका गटाला आलं, दर तेच, फक्त अनामत वाढवून २०,००० केली आहे. तुमच्या गटात आलं असेल तर पैसे भरू नका, त्याचा नंबर आणि क्यूआर जपून ठेवा आणि तुमच्या ठाण्यात लेखी द्या.