व्हीएक्सलॅनची टेस्ट लॅब, सात महिन्यांनंतर

सात महिने झाले, एकाच लिनक्स मशीनवर नेमस्पेस (मशीनच्या आतली वेगळी नेटवर्कं) आणि व्हेथ (आभासी केबल) जोडून केलेली व्हीएक्सलॅन-ईव्हीपीएनची लॅब रोज वापरतेय. व्हीएक्सलॅन म्हणजे एका नेटवर्कची पॅकेट दुसऱ्याच्या आत गुंडाळून नेणारं टनेल, ईव्हीपीएन म्हणजे कोणता होस्ट कुठे आहे हे टनेलच्या टोकांनी, म्हणजे व्हीटेपनी, एकमेकांना कळवायची पद्धत, आणि त्या कळवण्याला (कंट्रोल प्लेनला) एफआरआर हे राउटिंग सॉफ्टवेअर. सेटअप आवडलाय, पण पहिले दोन महिने मी भलतंच तपासत बसले होते. स्क्रिप्ट इकडून तिकडे पिंग मारायची, उत्तर आलं की पास. आता पिंग चालला यावरून एवढंच कळतं की पॅकेट कसंतरी पोचलं. टाइप-२ रूटमधून (होस्टचे पत्ते कळवणारा ईव्हीपीएनचा संदेश) मॅक-आयपी आधीच कळलेलं म्हणून पोचलं, की एआरपी (या आयपीचा मॅक कोणता, ही विचारणा) सगळ्या व्हीटेपना फ्लड झालं म्हणून, की मागच्या टेस्टची एंट्री टेबलात तशीच पडून होती म्हणून, काही पत्ता नाही.

आता प्रत्येक टेस्टआधी दोन्ही टोकांचे नेबर टेबल (आयपी-मॅकच्या जोड्या) फ्लश करते आणि टनेलवरची पॅकेट बघायला टीसीपीडम्प लावते. एआरपी सप्रेशन (माहीत असलेल्या पत्त्याचं उत्तर व्हीटेपनेच देणं) चालू आहे आणि पत्ता माहितीये, तर एआरपी रिक्वेस्ट टनेलवर दिसायलाच नको, दिसली तर फेल, पिंग कितीही छान चालू असो.

सगळ्यात जास्त फसवलं ते होस्ट हलवण्याच्या टेस्टने. व्हेथ इथून काढून दुसऱ्या व्हीटेपला लावला की सगळं झटक्यात जमायचं, मी खूश. नंतर कळलं की व्हेथ काढला की पोर्ट डाउन होतो, मग ब्रिज (लिनक्समधला आभासी स्विच) त्या पोर्टवरच्या मॅक एंट्री स्वतःच पुसतो आणि रूट मागे घेतला जातो. खऱ्या नेटवर्कात होस्ट मधल्या स्विचमागे असतो, पोर्ट अपच राहतो! मग मध्ये एक साधा ब्रिज घातला, आणि हललेला होस्ट गप्प बसला, 'मी इथे आहे' सांगणारा ग्रॅच्युइटस एआरपी पाठवलाच नाही, तर ट्रॅफिक जुन्याच व्हीटेपकडे जात राहिलं, जुनी एंट्री आपोआप पुसली जायचे (एजिंगचे) ३०० सेकंद संपेपर्यंत. पाठवला की रूटमधला मोबिलिटीचा सीक्वेन्स नंबर वाढतो आणि बाकीचे व्हीटेप लगेच नवीन जागा धरतात.

यूडीपी पोर्टचा घोळ तर माझाच. हाताने बनवलेल्या एका व्हीएक्सलॅनला पोर्ट द्यायला विसरले, लिनक्सचा जुना डिफॉल्ट ८४७२ आणि मी फिल्टर लावून बसलेय ४७८९ चा, अख्खी दुपार गेली.

एमटीयूची (एका पॅकेटचा कमाल आकार) टेस्ट मात्र सोपी. खालच्या नेटवर्कात १५०० असेल तर आयपीव्ही४ वर टनेलच्या हेडरमध्ये ५० बाइट्स जातात, पिंगच्या स्वतःच्या हेडरचे २८, म्हणून डोन्ट फ्रॅगमेंट लावून १४२२ चा पिंग गेला पाहिजे आणि १४२३ चा अडकला पाहिजे. नेमस्पेसमधला व्हेथ १५०० वरच राहतो, त्यामुळे छोटा पिंग चालतो आणि फाइल कॉपी मध्येच लटकते, एरर पण येत नाही.

राउटिंगमध्ये एकदाच अडकले, एका व्हीटेपवर एलथ्री व्हीएनआय (सबनेटमधलं राउटिंग ज्यावरून जातं तो टनेलचा नंबर) जोडायचा राहिला होता, तेव्हापासून पिंगसोबत परतीच्या बाजूचा रूटपण वेगळा तपासते. अंडरले (टनेलखालचं नेटवर्क) आयपीव्ही६ केलं की हेडरच्या ५० बाइट्सचे ७० होतात, ती टेस्ट कालच लिहिलीये, अजून फेलच जातेय.