पीडितांसाठी संस्था: सोसायटी की कलम ८ ची कंपनी?

यवतमाळसारख्या जिल्ह्यात अत्याचारपीडितेसोबत पोलीस ठाण्यात जाणाऱ्या चार-दोन बायका संस्था काढायचे ठरवतात, तेव्हा १८६० च्या कायद्याखालील सोसायटी किंवा २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ ची (नफा न वाटता सेवाकार्य करणारी) कंपनी, असे दोन मार्ग असतात. सोसायटीला किमान ७ सभासद लागतात. ओसरीवर, कापसाच्या ढिगाशेजारी सह्या गोळा करताना सातवी सही अडते, कारण आरोपी बहुधा गावातलाच असतो. शिवाय महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणूनही सोसायटीची धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते आणि विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, जो पुष्कळदा राहूनच जातो. कंपनीला दोन माणसे पुरतात, पण वार्षिक विवरणपत्रांसाठी सीए गाठावा लागतो. मनोधैर्य योजनेचे (अत्याचारपीडितांना राज्य सरकारचे अर्थसाहाय्य) अर्ज भरून देण्यापुरते काम असेल, तर मला सोसायटीच बरी वाटते. धर्मादाय कार्यालय निदान एसटीच्या टप्प्यात असते.