देगलूर ते गचीबावली आणि परत, थर्टी फर्स्टच्या रात्री : मामांची क्रूझर

बसस्थानकाजवळ उभी राहते ती पांढरी क्रूझर. मालक स्वतःच चालवतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. जाऊन-येऊन ७,५०० रुपये, डिझेल धरून, टोल वेगळा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

मी इथल्या शाळेत शिकवते आणि संध्याकाळी मुलींचा फुटबॉलचा सराव घेते. संतोष करंडकाची, म्हणजे राज्यांच्या फुटबॉल स्पर्धेची, फायनल ३१ डिसेंबर २०२४ ला हैदराबादला, गचीबावलीच्या बालयोगी स्टेडियमवर होणार हे कळलं तेव्हा मला राहवेना. मुंबई-पुणे आम्हाला लांब. हैदराबाद चार तासांवर. पण सामना संध्याकाळी साडेसातचा, म्हणजे परतीचा रस्ता थर्टी फर्स्टच्या मध्यरात्रीचा. दहा मुली, चौदा ते सोळा वर्षांच्या. एकीची आई सोबत यायला तयार झाली, म्हणून बाकीच्या घरांतून होकार आला. त्यातही प्रत्येक घरानं एकच विचारलं, "गाडीवर कोण आहे?"

आधी दोघांना विचारून झालं होतं. एकानं त्या रात्रीचा दर दुप्पट सांगितला. दुसरा म्हणाला, "मॅच संपू द्या, मग बघू." मामा मात्र मलाच विचारत बसले. मॅच किती वाजता सुटणार, कुणाला गाडी लागते का, घरं कोणकोणत्या गल्लीत आहेत. मग म्हणाले, "मॅडम, थर्टी फर्स्टला पोलीस रात्री लहान गाड्यांना रिंगरोड बंद करतेत. आपण लिंगमपल्लीवरून पटानचेरू धरू. शहरात शिरायचंच न्हाई." मी तिथंच पाचशे रुपये विसार देऊन मोकळी झाले.

दुपारी एक वाजता निघालो. नांदेडहून येणारा १६१ क्रमांकाचा महामार्ग मदनूर, पिटलम, जोगीपेट करत संगारेड्डीला उतरतो. रस्ता रुंद आहे, पण मामांनी काटा सत्तरच्या पुढे जाऊ दिला नाही. मागच्या आडव्या बाकावर बसलेल्या एकीला पिटलमच्या अलीकडे मळमळायला लागलं. त्यांनी न सांगता आरशातून ओळखलं, गाडी बाजूला घेतली आणि तिला पुढे आपल्याशेजारी बसवलं. धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही घरूनच बांधून नेली होती. जोगीपेटला चहा झाला तेवढाच खर्च. तिथं मामा तेलुगूत बोलले आणि चहावाल्यानं मुलींसाठी घरातलं बाथरूम उघडून दिलं. मुली घेऊन फिरणाऱ्या बाईला याचं मोल कळेल.

वाटेत मी मुलींना संतोष करंडकाचा इतिहास सांगितला. १९४१ पासूनची ही राज्यांची स्पर्धा. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, आणि १९५६-५७ व १९५७-५८ अशा लागोपाठ दोन हंगामांत हैदराबादनं करंडक जिंकला. दोन्ही फायनलमध्ये समोर मुंबई! तो काळ प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम साहेबांचा. त्यांच्याच हाताखाली भारत मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ ला आशियाई सुवर्ण जिंकला. आमच्या गोलकीपरनं विचारलं, "मग मॅडम, तवा आपले लोक कुणाकडनं असतील?" मी उत्तर शोधत होते, तोवर पुढून मामा म्हणाले, "माझा आजा हैदराबादकडनं. मरेपर्यंत." नंतर बराच वेळ गाडीत कुणी बोललं नाही.

सामना बंगाल आणि केरळचा. बंगालनं सेमी फायनलला सर्व्हिसेसला, म्हणजे सैन्यदलांच्या संघाला, ४-२ नं हरवलं होतं, केरळनं मणिपूरला ५-१ नं. त्यामुळे गोलांचा पाऊस पडेल असं मुलींना वाटत होतं, पण नव्वद मिनिटं होत आली तरी ०-० च. सोबत आलेली आई घड्याळ बघायला लागली. बरोबरी राहिली तर जादा वेळ, त्यावर पेनल्टी. २०१८ आणि २०२२, दोन्ही फायनलमध्ये केरळनं बंगालला पेनल्टीवरच हरवलं होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणजे साडेदहा तरी वाजणार. माझ्या पोटात गोळा आला. उठावं की थांबावं? मी मामांना फोन लावला. ते म्हणाले, "पूर्ण बघा, मॅडम. लेकरांना अर्ध्यातून उठवू नका. उशीर झाला तर रस्ता माझ्यावर सोडा."

मी फोन पर्समध्ये ठेवला आणि ९०+४ व्या मिनिटाला रॉबी हांसदानं गोल केला. स्पर्धेतला त्याचा बारावा. बंगालचं तेहतिसावं विजेतेपद त्या एका गोलानं झालं. आमच्या दहाही मुली उभ्या राहून किंचाळत होत्या, त्यातल्या चौघी केरळकडून होत्या तरी. मामांनी उलट उत्तर दिलं असतं तर तो गोल आम्ही पार्किंगमध्ये ऐकला असता. माझ्यासाठी या गाडीचे साडेचार गुण तिथेच ठरले.

परतताना मामा शब्दाला जागले. लिंगमपल्ली, पटानचेरू, संगारेड्डी. बारा वाजले तेव्हा आम्ही जोगीपेटच्या आसपास होतो. ढाब्यांसमोर पिऊन नाचणारे घोळके होते, तिथं त्यांनी गाडी हळूसुद्धा केली नाही. पुढे दिवे असलेल्या पेट्रोल पंपावर थांबवली आणि स्वतः दाराशी उभे राहिले. मुलींनी एकमेकींना शुभेच्छा दिल्या, मग मामांना. दोन वाजून गेल्यावर देगलूर आलं. प्रत्येक मुलीच्या गल्लीत गाडी घातली, हॉर्न एकदाही नाही. घरातला दिवा लागून दार उघडेपर्यंत हलले नाहीत.

अर्धा गुण का कापला तेही लिहिते. मागच्या डावीकडच्या खिडकीची कडी तुटलेली आहे. डिसेंबरच्या रात्री तिथून असा गार वारा आला की दोघींनी माझी शाल पांघरून प्रवास केला. प्रथमोपचार पेटीत नुसता कापूस होता, पट्टी नाही, मलम नाही. लेकरं नेणाऱ्या गाडीत हे चालणार नाही, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. टोल वेगळा म्हणाले होते, पण किती ते आधी सांगितलं नाही. मागितल्यावर मात्र फास्टॅगचे सगळे मेसेज मोबाइलवर दाखवले, हिशोब बरोबर होता. एसी नाही. उन्हाळ्यात दुपारची वेळ असेल तर विचार करूनच न्या.

येताना जागी असलेली एकटी गोलकीपर होती. तिनं विचारलं, बायकांची अशी स्पर्धा असते का. मी सांगितलं, असते, आणि तिच्या करंडकाला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. सर्वांत जास्त वेळा मणिपूरच्या मुलींनी जिंकलाय. ती काही बोलली नाही. मामांनीच विचारलं, "ती कुठं असती, मॅडम? लांब असली तर गाडीचं आधी सांगा."

पुढच्या शनिवारी नांदेडला मैत्रीपूर्ण सामना आहे. गाडी हीच सांगितली आहे. पट्टी, मलम आणि कडी मी निघायच्या आधी बघणार.