मुलाखत घेणाऱ्यांच्या मनातले पूर्वग्रह आणि दहा मिनिटांची एक चाचणी

परीक्षण कशाचे: ‘प्रोजेक्ट इम्प्लिसिट’च्या संकेतस्थळावरील ‘जेंडर-करिअर’ चाचणी. शुल्क: नाही. भाषा: इंग्रजी.

कंपन्यांमध्ये मुलाखत घेणाऱ्यांसाठी प्रशिक्षण ठेवले की हल्ली एचआरकडून या चाचणीचा दुवा हमखास येतो. अँथनी ग्रीनवाल्ड, सिकंदराबादेत वाढलेल्या महझरीन बानाजी आणि ब्रायन नोसेक या तीन मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट इम्प्लिसिट’ या उपक्रमाचा मूळ उद्देश संशोधन आणि लोकशिक्षण हा आहे. नोकरभरतीसाठी तो तयार केलेला नाही. तरीही भरतीच्या प्रशिक्षणातच या चाचणीचा इतका वापर होत असल्यामुळे, निवड समितीवर बसणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने ती कितपत कामाची आहे, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे.

चाचणीची रचना साधी आहे. पडद्यावर एकामागून एक शब्द येतात आणि कीबोर्डवरील ‘ई’ किंवा ‘आय’ दाबून ते डाव्या किंवा उजव्या गटात टाकायचे असतात. एका फेरीत पुरुषांची नावे आणि नोकरी-व्यवसायाचे शब्द एका बाजूला असतात, तर स्त्रियांची नावे आणि घर-संसाराचे शब्द दुसऱ्या बाजूला. नंतरच्या फेरीत ही जोडी उलटवली जाते. कोणत्या जोडीला बोटे अडखळतात हे मिलिसेकंदांत मोजून शेवटी ‘थोडा’, ‘मध्यम’ किंवा ‘तीव्र’ अशा शब्दांत कल सांगितला जातो. चाचणीचे खरे बळ या अडखळण्यात आहे. स्त्रियांनी नोकरी करण्याला आपला काडीचाही विरोध नाही असे मनापासून मानणाऱ्या माणसालाही उलटवलेल्या जोडीत बोट रेंगाळल्याचे स्वतःलाच जाणवते, आणि तासभराच्या व्याख्यानाने जे पटत नाही ते त्या क्षणी पटते. या एका अनुभवासाठी चाचणी जरूर द्यावी.

अडचण पुढे सुरू होते. पडद्यावर येणारी नावे बेन, पॉल, ज्युलिया, मिशेल अशी आहेत आणि प्रश्न फक्त स्त्री-पुरुष एवढाच आहे. आपल्याकडच्या मुलाखतीच्या खोलीत मात्र निर्णयाला वळण देणारी पहिली गोष्ट आडनाव असते. आडनावावरून अंदाज लागला नाही, तर ‘मूळचे कुठले?’, ‘वडील काय करतात?’, ‘घरी कोण कोण असतं?’ हे प्रश्न अगदी जिव्हाळ्याने, पाण्याचा ग्लास पुढे करत विचारले जातात. उमेदवार ‘पाणी’ म्हणतो की ‘पानी’, इंग्रजी बोलताना मध्येच मराठीत घसरतो का, पत्ता कोणत्या वस्तीचा आहे, याची नोंद कागदावर कोणी करत नाही. शेवटी ‘मुलगा हुशार आहे, पण क्लायंटसमोर चालणार नाही’ एवढेच वाक्य उरते. लग्न ठरलेल्या मुलीला ‘पुढचं काय ठरवलंय?’ असे विचारताना प्रश्नकर्त्याच्या डोक्यात 2017 च्या दुरुस्तीने मिळालेल्या 26 आठवड्यांच्या प्रसूती रजेचा हिशोब चालू असतो, आणि कायद्याने दिलेले संरक्षणच तिची निवड न होण्याचे न बोललेले कारण ठरते.

हे केवळ निरीक्षण नाही. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या वृत्तपत्रांतील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून केलेला अभ्यास 2007 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नाव असलेल्या अर्जाला अनुकूल उत्तर येण्याची शक्यता 1 धरली, तर दलित नावाच्या बाबतीत ते गुणोत्तर 0.67 आणि मुस्लीम नावाच्या बाबतीत 0.33 भरले. म्हणजे मुलाखतीची वेळ येण्याआधीच, बायोडेटाच्या पहिल्या ओळीवर बरेच काही ठरून जाते. त्याच सुमारास समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील मोठ्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले की गुणवत्तेचाच आग्रह धरणारे हे अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र आवर्जून विचारत आणि तीतून त्याच्या लायकीचा अंदाज बांधत. यात कोणाला आपण जात पाहिली असे वाटत नाही, आणि त्यामुळेच दहा मिनिटांत ‘माझा कल थोडासाच निघाला’ असे म्हणून मोकळे होणे धोक्याचे वाटते.

मापन म्हणूनही चाचणी फारशी भक्कम नाही. तीच व्यक्ती काही दिवसांनी पुन्हा बसली तर निकाल बदलू शकतो, आणि या निकालावरून प्रत्यक्ष वागणुकीचे भाकीत करता येते का, यावर तज्ज्ञांमध्ये वर्षानुवर्षे वाद चालू आहे. 2019 मध्ये 492 अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका विश्लेषणात असे दिसले की मनातले असे कल काही उपायांनी थोडे हलवता येतात, पण ते हलल्यामुळे वागणूक बदलल्याचा पुरावा मिळत नाही. स्वतः संकेतस्थळही हा निकाल व्यक्तीविषयीचा अंतिम निर्णय मानू नये असे सांगते. प्रशिक्षण देणाऱ्या मंडळींच्या सादरीकरणात मात्र ही सूचना क्वचितच दिसते.

मग पैसा आणि वेळ कुठे घालावा? मुलाखतीची रीत बदलण्यात. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारणे, गुण कशाला द्यायचे हे आधी लिहून ठेवणे, प्रत्येक सदस्याने चर्चेआधी स्वतंत्र गुण देणे, आणि पहिल्या छाननीत नाव व पत्ता झाकणे, या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, पण मनमोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा ठरावीक साच्याची मुलाखत पुढच्या कामगिरीचा अधिक चांगला अंदाज देते, हे निवडपद्धतींवरच्या संशोधनात सातत्याने दिसले आहे. केंद्र सरकारने तर 1 जानेवारी 2016 पासून अराजपत्रित गट ब आणि गट क सारख्या कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. खासगी कंपन्यांनी तितक्या टोकाला जाण्याची गरज नाही, पण ‘जरा स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नावर अर्धा वेळ घालवण्याची सवय तरी सोडता येईल.

एकूण मत: स्वतःसाठी जरूर, पाचपैकी साडेतीन, मुलाखत घेणाऱ्यांचे प्रशिक्षण म्हणून दीड, तेही सोबत अनुभवी व्यक्तीने चर्चा घेतली तर. मोबाइलपेक्षा लॅपटॉपवर, मध्ये न उठता द्यावी. सुरुवातीला विचारलेली वैयक्तिक माहिती भरायची नसेल तर ती सोडून पुढे जाता येते. कंपनीने कर्मचाऱ्यांकडून निकालाचे स्क्रीनशॉट मागवू नयेत. ज्यांच्याकडे मागितले जातील त्यांनी ते देऊ नयेत.